रान मोकळे नव्हते : इतिहासाचार्य राजवाडे आणि वसाहतीचा इतिहास



या व्याख्यानमालेत आजवर मी सतरंज्या घालण्याचे आणि मागच्या रांगेत बसून ऐकण्याचे काम केले. यंदा चिटणिसांनी मला बोलावयास उभे केले, आणि विषयही त्यांनीच सुचविला : ‘कामगारांचे आजचे प्रश्न’. त्या विषयावर मी कारखान्याच्या दारात रोजच बोलतो. तेव्हा येथे तरी मला इतिहासकारांवर बोलू द्यावे, अशी विनंती मी केली. ती त्यांनी मान्य केली, ही त्यांची कृपा. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. त्यानंतर उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मी साचे भरावयास लागलो आणि पुढे युनियनचे काम अंगावर आले. वाचावयास शिकलो तो करवीर नगर वाचन मंदिरात. १८५० सालापासून ती संस्था या गावात उभी आहे आणि तेथे पुस्तक मागणाऱ्याला त्याची पदवी कोणी विचारीत नाही. तेव्हा मी जे सांगणार आहे ते विद्वानाचे मत म्हणून घेऊ नये. एका वाचकाचे टाचण म्हणून ऐकावे.

आजचा विषय एका शब्दापासून सुरू करतो. आपल्याकडे गावाला शीव असते. शिवेच्या आत वस्ती, शेते, पाणंदी. शिवेपलीकडे दुसऱ्या गावाची शेते. पण जुन्या काळी, वस्ती विरळ असताना, शिवेपलीकडे दुसरे गाव नसे. तेथे रान असे. कुऱ्हाड घेऊन माणूस त्या रानात शिरे, झाडे तोडी, राब जाळी, जमीन करी, आणि शीव चार पावले पुढे सरके. अशा सरकत्या शिवेला इंग्रजीत फ्रंटियर म्हणतात. आपण सीमाप्रश्न म्हणतो त्यातली सीमा वेगळी. ती नकाशावरची रेघ आहे, तिच्यावर नाके असतात. मी म्हणतो ती शीव म्हणजे वस्तीची हलती कड. या कडेवर काय घडते, कोणत्या प्रकारचा माणूस घडतो, हा प्रश्न इतिहासात फार महत्त्वाचा आहे, असे ज्यांनी प्रथम ठासून सांगितले, त्यांत अमेरिकेचे फ्रेडरिक जॅक्सन टर्नर हे प्रमुख होत. आणि तोच प्रश्न आपल्या भूमीविषयी ज्यांनी विचारला, ते आपले इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. दोघे समकालीन. टर्नर यांचा जन्म १८६१ चा, राजवाड्यांचा १८६३ चा.

प्रथम टर्नर यांच्याविषयी थोडक्यात सांगतो. १८९३ साली शिकागो शहरी मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. आपल्याला ते ठाऊक आहे ते स्वामी विवेकानंदांमुळे. ११ सप्टेंबरचे त्यांचे गाजलेले भाषण त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत झाले. त्याच्या दोन महिने आधी, १२ जुलैला, तेथेच इतिहासकारांची सभा भरली होती आणि तीत एकतीस वर्षांच्या एका प्राध्यापकाने अमेरिकेच्या इतिहासातील सरकत्या शिवेचे महत्त्व सांगणारा निबंध वाचला. त्या दिवशी त्याची फारशी वाहवा झाली नाही. पण पुढची चाळीस वर्षे अमेरिकेतला इतिहास त्या एका निबंधाभोवती फिरत राहिला.

टर्नर यांचे जन्मगाव विस्कॉन्सिन प्रांतातले पोर्टेज. त्या नावाचा अर्थच असा की, एका नदीतून दुसऱ्या नदीत जाण्यासाठी होड्या खांद्यावर वाहून नेण्याची वाट. असे गाव म्हणजे वस्तीच्या कडेवर जन्मलेले गाव. आपण ज्यांना रेड इंडियन म्हणत आलो ते मूळचे लोक त्यांनी लहानपणी पाहिले होते. त्यांच्या काळच्या पंडितांची रीत अशी होती की, अमेरिकेतल्या संस्थांची मुळे शोधावयाची झाल्यास युरोपात जावे, जर्मनीच्या जुन्या अरण्यांतल्या ग्रामसभांपर्यंत जावे. टर्नर म्हणाले, इतके लांब कशाला जाता? आपल्याच पश्चिमेकडे पाहा. तेथे प्रथम जनावरांची पायवाट असते. तीवरून मूळचा रहिवासी चालतो, मागोमाग कातड्यांचा व्यापारी, त्याच्यामागून गुरे पाळणारा, मग शेतकरी आणि शेवटी गाव. दर पिढीला ही शीव पश्चिमेकडे सरकते आणि दर वेळी माणसाला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. तेथे पूर्वजांचा थाट चालत नाही, हात चालवावे लागतात. अमेरिकेची लोकशाही आणि तेथल्या माणसाचा स्वतंत्र बाणा या अनुभवातून आला, असे त्यांचे प्रतिपादन होते. आणि तो काळ आता संपला, असेही ते म्हणाले. दर चौरस मैलाला दोन माणसांहून कमी वस्ती म्हणजे शिवेपलीकडचा मुलूख, असा तेथल्या खानेसुमारीचा हिशेब असे. १८९० च्या खानेसुमारीनंतर अधिकाऱ्यांनी जाहीर केले की, अशी सलग रेघ आता नकाशावर काढता येत नाही.

टर्नर १९१० पर्यंत विस्कॉन्सिनला आणि पुढे १९२४ पर्यंत हार्वर्डला प्राध्यापक होते. त्यांनी लिहिले थोडे, विद्यार्थी मात्र पुष्कळ घडविले. १९३२ साली ते वारले आणि त्यांच्या निबंधांच्या एका संग्रहाला मृत्यूनंतर, १९३३ साली, पुलित्झर पारितोषिक मिळाले.

आता आपल्या घरी या.

राजवाडे १८९० च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाले. काही काळ त्यांनी मास्तरकी केली, पण नोकरी त्यांच्या स्वभावाला मानवली नाही. पत्नी तरुणपणीच वारली. त्यांनी दुसरे लग्न केले नाही. ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढून त्यांनी परदेशांतले थोर ग्रंथ मराठीत आणण्याचा उद्योग केला. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चे त्यांनी भाषांतर केले आहे. मग मराठ्यांच्या इतिहासाच्या जुन्या कागदांनी त्यांना झपाटले. वाईस मिळालेल्या दप्तरांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. १७५० पासून पानिपतापर्यंतचा पत्रव्यवहार त्यात आहे आणि त्याला लांबलचक प्रस्तावना आहे. असे एकंदर २२ खंड निघाले. त्यांतले काही खंड आपल्या कोल्हापुरात, राजाराम कॉलेजातले प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या ‘ग्रंथमाले’तून प्रसिद्ध झाले, ही गोष्ट या गावातल्या पुष्कळांना ठाऊक नसते.

हे कागद त्यांना सरकारी कचेरीत टेबलावर मांडून कोणी दिले नाहीत. गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरून, देवघरांच्या कोनाड्यांतून, धान्याच्या कणग्यांमागून त्यांनी ते बाहेर काढले. कोठे वाळवीने अर्धे दप्तर खाल्लेले असे, कोठे वाण्याच्या पुड्या बांधण्यात ते संपलेले असे, तर कोठे मालकाला भीती वाटे की, कागद दाखविला तर इनामाची चौकशी निघेल. १९१० साली सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. पण थोड्याच दिवसांत मतभेद होऊन ते तेथून बाहेर पडले. शेवटची वर्षे त्यांनी धुळ्यास काढली आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते तेथेच वारले. त्यांच्यामागे धुळेकरांनी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे केले. त्यांचे कागद आणि टाचणे त्यामुळे राहिली.

एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. एवढा पंडित माणूस, पण लिहावयाचे ते मराठीत, असा त्यांचा हट्ट होता. इंग्रजीत लिहिते तर परदेशांत नाव झाले असते. त्यांनी ते केले नाही, म्हणून नववी झालेल्या मोल्डराला ते वाचता आले. टर्नर यांचा निबंध वाचावयास मला शब्दकोश घेऊन तीन महिने लागले. राजवाड्यांशी मात्र मी पहिल्या रात्रीच भांडू शकलो!

आणि भांडण पुष्कळ आहे. ते सांगण्यापूर्वी त्यांचे म्हणणे नीट मांडले पाहिजे.

राजवाड्यांचा ‘महाराष्ट्राचा वसाहतकाल’ हा निबंध प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी विचारलेला प्रश्न साधा आहे. हा देश वसला केव्हा आणि कोणी वसवला? शिवाजीमहाराजांच्या आधी यादव, यादवांच्या आधी चालुक्य, त्याआधी सातवाहन, असे राजांमागून राजे आपण मोजतो. पण राजा यावयास आधी गाव लागते, सारा भरणारा शेतकरी लागतो. तो शेतकरी कोठून आला? हा प्रश्न राजांच्या वंशावळीत सुटत नाही, म्हणून राजवाड्यांनी साधनेच बदलली. त्यांनी व्याकरण हाती घेतले. पाणिनीच्या सूत्रांत विंध्याच्या दक्षिणेकडची नावे फारशी येत नाहीत. पुढे कात्यायनाच्या वार्तिकांत चोल, पांड्य अशी दक्षिणेची नावे दिसू लागतात. तेव्हा या दोन वैयाकरणांच्या मधल्या काळात उत्तरेकडच्या लोकांचा दक्षिणेत शिरकाव झाला असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले. दंडकारण्यात उतरलेल्या या लोकांची येथल्या नाग लोकांशी मिसळ झाली आणि तीतून मराठे म्हणून ओळखला जाणारा समाज घडला, असे त्यांचे मत होते. हे अनुमान तुम्ही माना वा न माना. परंतु भाषेच्या नियमात माणसांच्या स्थलांतराची खूण शोधावी, ही कल्पना त्या काळी केवढी धीट होती हे लक्षात घ्या.

दुसरे साधन गावांची नावे. त्यांच्या टाचणांतून पुढे जे कोश तयार झाले, त्यांत गावांच्या आणि माणसांच्या नावांच्या व्युत्पत्तीचा मोठा भाग आहे. गावाचे नाव म्हणजे पहिल्या वसाहतकाराने लावलेली पाटी होय, असे समजून ते वाचीत. पद्धत समजावी म्हणून मी आपल्याच करवीर तालुक्यातली उदाहरणे घेतो. ती माझी आहेत, त्यांची नव्हेत. नदीकाठची आंबेवाडी आणि चिखली घ्या. एका नावात झाड आहे, दुसऱ्यात चिखल आहे. ज्याने चिखली हे नाव ठेवले त्याने तेथल्या मातीचा गुण पहिल्याच पावसाळ्यात ओळखला होता. २०१९ च्या महापुरात या गावांचे काय झाले ते आपण पाहिले. ते नाव कोणा राजाने दिलेले नाही. पाय चिखलात रुतलेल्या माणसाने ते दिले आणि शेकडो वर्षे ते टिकले.

तिसरे साधन ‘महिकावतीची बखर’. उत्तर कोकणातल्या माहीम, केळवे, वसई, साष्टी या पट्ट्याची ही जुनी बखर राजवाड्यांनी १९२४ साली संपादून छापली. प्रतापबिंब नावाचा राजा आपल्याबरोबर कुळे घेऊन उत्तर कोकणात आला आणि त्याने ओसाड मुलूख वसविला, अशी हकीकत तीत आहे. म्हणजे वस्तीच्या सरकत्या कडेचाच हा वृत्तांत. राजवाड्यांनी तिला प्रस्तावना जोडली आणि तीत कोकणात एकावर एक बसलेले माणसांचे थर उलगडून दाखविण्याचा प्रयत्न केला. कातकरी, वारली, ठाकर, कोळी, मग पुढून आलेले लोक. शिवाय राज्ये आली आणि गेली तरी खेड्यातला माणूस राज्यकर्त्याविषयी इतका उदासीन का राहिला, हा प्रश्नही त्यांनी तेथेच उपस्थित केला. युनियनचे काम करणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. मॅनेजर बदलला की कामगार मान वर करून पाहतो आणि पुन्हा कामाला लागतो. त्याला ठाऊक असते की, साहेब बदलतो, पाळी बदलत नाही.

टर्नर आणि राजवाडे यांनी एकमेकांचे लिखाण वाचले होते की काय, हा प्रश्न मी बाजूस ठेवतो. दोघांचे ऋण एकच आहे. सिंहासनावर खिळलेली इतिहासाची नजर त्यांनी कुऱ्हाडीकडे आणि नांगराकडे वळविली. देश लढाईने जिंकला जातो हे सर्वांना ठाऊक होते. देश श्रमाने वसतो हे या दोघांनी दाखविले. श्रम करणाऱ्या माणसाने एवढ्यासाठी तरी त्यांना वाचले पाहिजे.

आता भांडण.

आमच्या फौंड्रीत माझ्या शेजारी एक वडीलधारे गृहस्थ साचे भरीत. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणत असू. सह्याद्रीच्या पायथ्याचे त्यांचे गाव एका धरणाखाली गेले. त्या बदल्यात त्यांना लांबवर एका माळावर जमीन मिळाली. कागदावर ती पडीक होती. म्हणजे आबा हे टर्नर यांच्या निबंधातले वसाहतकारच म्हणावयाचे : नवी जमीन, हातात कुदळ, शून्यापासून सुरुवात. पहिला पाऊस झाला आणि मेंढरांचा कळप घेऊन एक म्हातारा धनगर त्या माळावर येऊन उभा राहिला. पुढचे आबांच्याच शब्दांत सांगतो.

“त्यो म्हनला, पाव्हनं, ह्या माळावर माज्या आज्यानं मेंढरं बशिवल्यात. म्या म्हनलं, बाबा, मला तर सायबानं सांगितलं, माळ मोकळा हाय. त्यो हसला न्हवं. म्हनला, सायेब उनाळ्यात आला आसंल. मग आमी दोगं बी तितंच बसलो, तमाखू मळली. त्येचं रान माज्याकडं आलं, माजं रान पाण्याखाली गेलं. कुनी कुनाला बोलायचं?”

जमीन खडकाळ निघाली. चार वर्षांनी आबा कोल्हापुरास भट्टीवर आले. तो धनगर पुढे कोठे गेला ते त्यांना कळले नाही. ही हकीकत त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत सांगितली आणि त्याच रात्री मी ‘वसाहतकाल’ पुन्हा उघडला. एरवी मी त्यात वसविणाऱ्याचे पाय शोधीत असे. त्या रात्री मी मेंढरांच्या खुरांच्या खुणा शोधू लागलो.

टर्नर यांच्या निबंधाचा पायाच ‘मोकळी जमीन’ हा आहे. पण अमेरिकेची जमीन मोकळी नव्हती. तेथे शेकडो जमाती राहत होत्या, शिकार करीत होत्या, मका पिकवीत होत्या. १८८७ च्या कायद्याने त्यांच्या सामाईक जमिनींचे तुकडे पाडले आणि उरलेली जमीन गोऱ्या वसाहतकारांना खुली केली. ज्या १८९० सालच्या खानेसुमारीत शीव संपल्याचे म्हटले आहे, त्याच सालच्या २९ डिसेंबरला वूंडेड नी येथे सैन्याने लाकोटा जमातीच्या बायकामुलांसह माणसांची कत्तल केली. टर्नर यांच्या निबंधात मूळचे रहिवासी येतात ते वाटेतल्या अडथळ्यासारखे. पुढच्या पिढ्यांतल्या अमेरिकी इतिहासकारांनीच हा दोष दाखविला. पॅट्रिशिया लिमरिक या विदुषींनी १९८७ साली ग्रंथ लिहून सांगितले की, पश्चिमेचा इतिहास हा मोकळ्या जमिनीवर वस्ती केल्याचा इतिहास नसून जमीन जिंकून घेतल्याचा इतिहास आहे, आणि त्याचे परिणाम अजून संपलेले नाहीत.

राजवाड्यांच्या बाबतीत न्याय थोडा निराळा करावा लागतो. दंडकारण्य अगदी निर्मनुष्य होते असे त्यांनी म्हटले नाही. नाग, कातकरी, वारली यांची दखल त्यांनी घेतली, त्यांची नावे कागदावर आणली, ही गोष्ट त्यांच्या पदरात घातली पाहिजे. परंतु त्यांच्या हिशेबी संस्कृती उत्तरेकडून येते आणि येथला माणूस ती घेतो. देणारा वरचा, घेणारा खालचा. वर्णाभिमान आणि ब्राह्मण्याचा अभिमान त्यांच्या लिखाणात जागोजाग डोके वर काढतो. त्यांच्या हयातीतच त्याला उत्तरे मिळाली. कायस्थ प्रभूंविषयी त्यांनी जे लिहिले त्यावर १९१८ साली प्रबोधनकार ठाकरे यांनी ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहिला. ज्या गावात वेदोक्ताचा वाद झाला, ज्या गावाने शाहूमहाराजांची राजवट पाहिली, त्या गावात या दोषाकडे कानाडोळा करून राजवाड्यांचे नुसते गोडवे गाणे मला शक्य नाही.

त्यातून जमिनीने स्वतःच साक्ष दिली. राजवाड्यांच्या मृत्यूनंतर पुरातत्त्वज्ञांच्या कुदळी चालू लागल्या. १९५०-५१ साली संगमनेर तालुक्यात जोर्वे येथे उत्खनन झाले. पुढे डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि त्यांचे सहकारी यांनी १९६८ ते १९८३ पर्यंत शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव खणले. तेथे काय निघाले? इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातले शेतकऱ्यांचे गाव. मातीची घरे, धान्याची पेवे, सातूचे पीक, पुराचे पाणी वळविण्यासाठी पाट आणि बांध. लहान मूल गेले तर त्याला दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. लेकराला घराबाहेर टाकवत नसावे, एवढाच अर्थ मी लावतो. ही सर्व मंडळी पाणिनीच्या कितीतरी आधीची. म्हणजे राजवाड्यांचे वसाहतकार ज्या काळी दक्षिणेत उतरले असे ते म्हणतात, त्याच्या आधी शेकडो वर्षे येथे नांगरट चालू होती, पाणी बांधले जात होते. रान मोकळे नव्हते.

आपल्याच पंचगंगेकाठची ब्रह्मपुरीची टेकडी घ्या. तेथे १९४५-४६ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले. सातवाहनकाळची वस्ती निघाली. त्या टेकडीत रोमन समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्तीही मिळाली. आपल्या टाउन हॉलच्या संग्रहालयात ती आहे. मुलांना घेऊन एकदा अवश्य पाहा. मी ओतकामातला माणूस. ती मूर्ती पाहताना मला तो देव दिसण्याआधी तिचे ओतकाम दिसले आणि दोन हजार वर्षांपूर्वी दूर देशी कोणीतरी भरलेला साचा डोळ्यांपुढे आला. त्याचे नाव कोणत्याही कागदावर नाही.

मग राजवाडे चुकले म्हणून त्यांना बाजूस ठेवावयाचे काय? मला तसे वाटत नाही. त्यांचे निष्कर्ष तपासून घ्यावेत, त्यांची पद्धत मात्र उचलावी. गिरणी कामगारांचे पुढारी श्रीपाद अमृत डांगे यांनी नेमके हेच केले. राजवाड्यांचा ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ सनातन्यांना झोंबणारा होता. विवाहसंस्था अनादि नाही, ती काळाबरोबर बदलत आली, असे त्यात प्रतिपादन आहे. डांग्यांनी १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्राचीन भारतावरील ग्रंथात राजवाड्यांच्या संशोधनाचा आधार घेतला. पुढे डांग्यांच्या त्या ग्रंथावर दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी कडक टीका केली. असेच चालावयाचे. जो वर्णाभिमानी म्हणून आम्हाला खुपतो, त्याच्याच कष्टावर कामगारांचा पुढारी उभा राहतो, आणि त्याचीही चूक तिसरा दाखवितो. या तिघांतल्या कोणालाही गप्प बसविले असते तर नुकसान आपलेच झाले असते.

पद्धत उचलावी म्हणजे काय, ते आता सांगतो. ते सांगण्यासाठीच मी उभा राहिलो.

काही वर्षांपूर्वी एक कारखाना बंद पडला. नाव घेत नाही, कारण दोष एकाचा नव्हता. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे पाच वर्षे सलग नोकरी झालेल्या कामगाराला दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळावयास हवा होता. परंतु नोकरी किती वर्षे झाली हे सिद्ध करावे लागते. कारखान्याचे जुने हजेरीपट सापडेनात. तेव्हा कामगारांच्या घरी काय आहे ते पाहावयास मी घरोघर हिंडलो. माळे चढलो, ट्रंका उघडल्या. राजवाड्यांनी दप्तरे कशी शोधली असतील हे मला त्या पंधरा दिवसांत कळले. कोठे पगाराच्या पावत्या उंदरांनी खाल्लेल्या, कोठे दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत गेलेल्या. एक बाई रडत म्हणाली, “कागद कशाला ठेवायचा, पगार तर खर्चून गेला होता!” आबांच्या ट्रंकेत मात्र पहिल्या महिन्यापासूनच्या पावत्या मुलीच्या लग्नपत्रिकेबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या निघाल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. पण एकदा पडीक म्हणून लिहिलेल्या कागदाने त्यांना धडा दिला होता. त्यांच्याबरोबर लागलेल्या आणखी नऊ जणांची नोकरी आम्ही आबांच्या पावत्यांवरून आणि साक्षीवरून शाबीत केली. बाकीच्यांना तडजोडीत मिळेल ते घ्यावे लागले. त्यांतले काही आज या सभेत बसले आहेत. मी त्यांच्याकडे पाहून बोलतो आहे, ते त्यांना दुखविण्यासाठी नव्हे.

कागदावर ज्याचे नाव नाही, त्याची जमीन मोकळी ठरते आणि त्याची नोकरी झालीच नव्हती असे होते. अमेरिकेतल्या जमातींचे तेच झाले, माळावरच्या धनगराचे तेच झाले, आणि या शहरातल्या भट्ट्यांवर हयात घालविलेल्या माणसांचेही तेच होणार आहे. कोल्हापूरच्या ऑइल इंजिनांचा आणि ओतकामाचा इतिहास उद्या कोणीतरी लिहील. त्यात कारखाने काढणाऱ्यांची नावे येतील, आणि ती यावीतही. त्यांनी धाडस केले. पण साचा भरणारा, भट्टीवर उभा राहणारा, हमाली करणारा, त्याची भाकरी बांधून देणारी बाई, यांची पानेच नसतील तर तो इतिहासकार बिचारा काय करील? तोही लिहील की, येथे आधी माळ होता.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. घरी गेल्यावर ट्रंक उघडा. पगाराच्या पावत्या, युनियनची पावतीपुस्तके, संपाच्या वेळची हस्तपत्रके, कारखान्याच्या दारातला एखादा जुना फोटो, गावाहून आलेली पत्रे, बुडालेल्या जमिनीचा उतारा, जे काही असेल ते टाकू नका. प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहा : हा कोणाचा, कोणत्या सालचा, फोटोत डावीकडून कोण कोण उभे आहे. पेन्सिलच वापरा, शाई पाण्याने पसरते. महापुराने हे आपल्याला शिकविले आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या शेजारी नातवंडाला बसवा आणि सांगा, तो लिहील. माळ्यावर ठेवा, पण जमिनीवर ठेवू नका. दर रविवारी सकाळी मी आपल्या पेठेतल्या तालमीच्या माडीवर असतो. ज्यांच्या घरी जागा नाही त्यांनी कागद तेथे आणावेत. मी ते तारीखवार लावून देईन आणि वहीत नोंद करून पावती देईन. सुरुवात झाली आहे. वहीत पहिली नोंद आबांच्या पिशवीची आहे. ते गेल्यानंतर त्यांच्या मुलीने ती आणून दिली.